सहावा वाटा

"माझा राजकुमार जिवंत आहे," मादाम उर्सुल उभ्या उभ्याच म्हणाली. "उद्या न्यायाधीशापुढे मी तशी शपथ घेणार आहे. त्याआधी तुम्ही त्याला एकदा पाहा."

शोधक दुवालने तिला खुर्ची दिली. त्याचा मित्र पिको तिच्याकडे बघतच राहिला. क्रांतीत राजाराणीची मुंडकी उडाली आणि त्यांचा मुलगा बुरुजातल्या कोठडीत एकटा मेला, हे पॅरिसमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं? उर्सुल त्याची दाई होती. आता गादीवर पुन्हा राजा बसल्यापासून तोतये कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत होते.

"आणि तो खोटा निघाला तर?" दुवालने विचारलं.

"तर त्याला सक्तमजुरी, मला तुरुंग. ते सोसेन मी. पण माझं पोर दुसऱ्यांदा मरेल हो!"

तीन राजांच्या सणाचा दिवस होता. दुपारी दोघे तिच्या घरी गेले. दारातच तिचा भाचा गास्पार भेटला. लोकांचे अर्ज लिहून पोट भरणारा, चांगला गुबगुबीत माणूस.

"त्याला तुम्हीच पढवलंत ना?" पिकोने थेट विचारलं.

"मी? मावशीनं राजकुमाराला बोटांवर म्हणायचं एक गाणं शिकवलं होतं. ते मलासुद्धा येत नाही. याला अख्खं येतं!"

"पण फायदा तुमचा."

"झाला तर घेईन की. मी काय संत आहे?"

आत तिशीचा एक हडकुळा माणूस बसला होता. दुवालने त्याला कोठडीबद्दल विचारलं.

"नुसता अंधार. खिडकीला फळ्या ठोकलेल्या. ना दिवा, ना आरसा. दाराला एक झरोका होता, वाडग्यापुरता. त्याची कडी फार घट्ट, वाडग्यानंच ठोकून सरकवावी लागायची."

"तुमची तब्येत कशी होती?"

"केसांच्या जटा झाल्या होत्या. डोळ्यांखाली निळी कड, वरच्या ओठाला चीर. तरी आभार मानल्याशिवाय वाडगा कधी घेतला नाही. आणि रोज आईची चौकशी."

उर्सुलने डोळे पुसले. "अस्साच होता माझा बाळ."

मग तिने सणाचा केक आणला. माणसं पाच, तुकडे सहा. सहावा नेहमीप्रमाणे, जो हजर नाही त्याचा. केकमध्ये घेवड्याचा एक वाळका दाणा दडवलेला असतो. तो ज्याला मिळेल तो त्या दिवसाचा राजा. त्याने पेला तोंडाला लावला की सगळ्यांनी ओरडायचं, "राजा पितोय!" पिकोने दातांची काळजी घेत आपला तुकडा संपवला. दाणा त्याला मिळाला नाही आणि बाकी चौघांनाही नाही.

"वरच्या मजल्यावर लकवा झालेली शेजारीण आहे," उर्सुल त्या माणसाला म्हणाली. "सहावा वाटा तिला देऊन या, युवराज."

त्याने बशी उचलली. जिन्याकडे पाहताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने बशी परत ठेवली. "मी नाही नेणार."

"राजेलोक जिने चढत नाहीत वाटतं!" गास्पार हसला.

दुवाल हसला नाही. "मादाम, उद्या शपथ घेऊ नका. हा राजकुमार नव्हे."

"मग ते गाणं?"

"ते त्याला राजकुमारानंच शिकवलं. पढवलेला तोतया नाही हा. खरोखर त्या बुरुजात होता, पण दाराच्या बाहेर."

पिकोच्या डोक्यात काही शिरेना. "बाहेर कशावरून?"

"अरे, कैद्याच्या झरोक्याची कडी बाहेरच्या बाजूला असते. ती ठोकून सरकवणारा हा. आणि आरसा नाही, दिवा नाही, तर डोळ्यांखालची निळी कड पाहिली कुणी? वाडगा देताना झरोक्यातून उजेड पडायचा, त्या उजेडात यानं तो चेहरा पाहिला. बोटांचं गाणं मूल शिकवतं ते दुसऱ्या मुलालाच. पहारेकऱ्याचा मुलगा ना तुम्ही?"

त्या माणसाने मान डोलावली. "जेर्में माझं नाव."

"आणि वरच्या मजल्यावर न्यायचा एक वाटा तुमच्याकडून पोचला नव्हता."

जेर्में बशीकडे पाहत म्हणाला, "असाच सण होता. बापाची नजर चुकवून मी झरोक्यातून केकचे दोन तुकडे दिले. एक त्यानं परत केला. म्हणाला, 'हा वर आईला दे.' आईची मान कापून महिने लोटले होते. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं; ती वरच्या मजल्यावर कैदेत आहे असंच तो समजायचा. मी जिन्यात बसून तो खाल्ला. दाणा त्यातच निघाला."

"त्याला काय सांगितलंस?" उर्सुलने विचारलं. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"आईला दाणा मिळाला म्हणून. तो म्हणाला, 'म्हणजे आई अजून राणी आहे.' आणि हसला. त्यानंतर मी त्याला हसताना पाहिलं नाही."

"मग मला का फसवलंस रे?"

"बाजारात तुम्ही ते गाणं गुणगुणत होतात. पुढची ओळ मी म्हटली. तुमचा चेहरा असा उजळला की मी कोण ते सांगायचं धैर्यच झालं नाही. त्याच्यासमोर झालं नव्हतं, तसंच."

उर्सुलने सहावा तुकडा ओढून घेतला आणि मोडला. दाणा टेबलावर पडला.

सवयीने गास्पारचा हात पेल्याकडे गेला. पण पेला कुणीच उचलला नाही. उर्सुलने दाणा मुठीत घट्ट धरला.

"आता तू जा, जेर्में," ती म्हणाली. "माझं पोर गेलं."