रक्तातली दुसरी खूण

चहा उकळेपर्यंत मंदाकिनी तेंडोलकरांनी सवयीने रक्तवाचकावर बोट टेकवलं. उन्हाळ्यात त्यांच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली होती. गाठीच्या पेशी मरताना आपल्या जनुकांचे तुकडे रक्तात सोडतात. ते शस्त्रक्रियेआधी ओळखून ठेवायचे आणि नंतर रोज शोधायचे, एवढंच त्या यंत्राचं काम. कर्करोग पसरला, तर स्कॅनमध्ये दिसण्याच्या कितीतरी आधी कळे. रोज हिरवा दिवा लागायचा. आज पिवळा लागला.

मिरजेला डॉक्टर इरावती भणगे यांनी सांगितलं की काही पेशी यकृतात पोचल्या असाव्यात, औषधाने आटोक्यात येईल. पण रक्तात आणखी एक खूण सापडली होती. ती मंदाकिनीबाईंची नव्हती. पुरुषाची होती.

कुणाचं रक्त चढवलं होतं का, असं त्यांच्या यजमानांनी, यशवंतरावांनी विचारलं. तसं काही झालं नव्हतं. डॉक्टर जरा अवघडल्या. "तुम्हाला मुलगा आहे?"

"सातव्या महिन्यात पोटातच गेला," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तीस वर्षं झाली."

गर्भाच्या काही पेशी आईच्या शरीरात उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथेच जगतात, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. यकृतातून सुईने काढलेल्या नमुन्यात जे दिसलं, ते मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कर्करोगाच्या प्रत्येक पेशीभोवती त्या मुलाच्या पेशींनी कडं केलं होतं.

मुलाच्या पेशी गाठ पोसताहेत की अडवताहेत, हे सांगता येत नव्हतं. औषध दोन्ही पेशींना मारणार होतं. यशवंतराव विनवत राहिले, डॉक्टरांनी धोका समजावला, पण मंदाकिनीबाईंनी औषध घेतलं नाही.

"तेव्हा मला त्याला वाचवता आलं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

दिवाळीपर्यंत रक्तातले गाठीचे तुकडे कमी होत गेले. मंदाकिनीबाईंना भूक लागू लागली. दुपारी उजव्या बरगडीखाली हात ठेवून त्या एकट्याच हळू आवाजात काहीतरी बोलत बसत. यशवंतराव जवळ गेले की गप्प होत.

पुढच्या तपासणीत गाठीची खूण जवळपास पुसली गेली होती. डॉक्टरांनी अभिनंदन केलं. मंदाकिनीबाई कपडे बदलायला आत गेल्या, तसे यशवंतराव खुर्ची पुढे ओढून हलक्या आवाजात म्हणाले, "आणि त्याची?"

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मुलाच्या खुणेची रेघ अजून वर चढत होती.

"डॉक्टर, गाठ संपल्यावर तो थांबेल ना?"