सोबतचं विमान

"या बुटांच्या वर कुणी माणूस आहे का?"

तिचं डोकं एका विमानाच्या पॅनलखाली होतं, तोंडात टॉर्च, आणि दाराबाहेर दिसत होते ते फक्त पाय. टॉर्च काढून ती आतूनच म्हणाली, "माणूस आहे, पण कामात आहे."

"मग बुटांनाच सांगतो."

आणि खरंच, हँगरच्या फरशीवर उकिडवं बसून त्याने आपली तक्रार तिच्या बुटांना सांगितली. तो वैमानिक. दोन आसनांचं चिमुकलं विमान, पोटाला कॅमेरा बांधलेला. नकाशांसाठी दिवसभर आभाळात सरळ रेघा मारायच्या, एकट्याने. पण हल्ली तो एकटा नव्हता. स्क्रीनवर त्याच्या अंगाला खेटून आणखी एक विमान दिसायचं. हा वळला की ते वळे, हा चढला की ते चढे. खिडकीतून बघावं, तर रिकामं आभाळ…

ती बाहेर आली. गालावर ग्रीसचा पट्टा, केसांत अडकलेला वायरीचा तुकडा. तो तुकडा पाहता पाहता वैमानिक पुढचं बोलायचंच विसरला.

हँगर तिच्या मामाचं. मामा इंजिनं बघायचा, ती पॅनलमागची सगळी नाजूक यंत्रं. तिने त्याला समजावलं, की विमानातला ट्रान्सपॉन्डर सारखा हाक देत असतो – मी अमुक, मी इथे. रिसीव्हर आसपासच्या विमानांच्या हाका ऐकतो आणि स्क्रीनवर ठिपके काढतो. तुमच्या या दोघांचं काहीतरी बिनसलंय. त्या दिवशी तिने अँटेना बघितली, वायरी तपासल्या. हाती काही लागलं नाही.

दुसऱ्या खेपेला लागलं. रिसीव्हर त्याने एका जुन्या विमानातून काढलेला घेतला होता, आणि त्याच्या पोटात त्या जुन्या विमानाचाच ओळखक्रमांक होता. नव्या घरी आला तरी तो स्वतःला जुन्याच घरचा समजत होता. म्हणून आपल्याच विमानाची हाक त्याला परक्याची वाटायची. क्रमांक बदलायचा, बस. चार मिनिटांचं काम.

शेजारच्या आसनावर वैमानिक तिच्यासाठी टॉर्च धरून बसला होता. गुडघ्याला गुडघा लागत होता, आणि दोघंही तो लागत नसल्यासारखी बसली होती.

"बिघाड सापडला तर माझं निमित्त गेलं, डॉक्टरीणबाई," तो हळूच म्हणाला.

तिचं बोट बटणावर थांबलं… थांबलं, आणि मागे आलं.

"अजून बघावं लागेल," ती म्हणाली.

मामाचा एक नियम होता. बिघाड सापडला की आधी विमान चालवायच्या दांड्याला लाल पट्टी बांधायची; पट्टी सुटेपर्यंत ते विमान दाराबाहेर जात नाही. ती पट्टी तिच्या खिशातच राहिली. पुढच्या खेपेला करू, असं तिने मनाला सांगितलं. मग त्याच्याही पुढच्या.

चाळीस दिवसांत पाच खेपा झाल्या. 'तुम्ही'चं 'तू' झालं. या पेशंटला खाटच टाकून द्यावी म्हणतो, असा टोमणा मामाने मारून घेतला. आणि वैमानिकाला त्या ठिपक्याचा लळा लागला. जवळ विमान आहे म्हणून यंत्र 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' असं बजावू लागलं, की तो आवाज बारीक करायचा आणि म्हणायचा, चल ग, सोबतच जाऊ. ही गंमत त्याने सांगितली तेव्हा तीही हसली होती.

सहाव्यांदा तो भर दुपारी आला. विमान दारात वेडंवाकडं उभं. त्याने पाणी मागितलं, आणि पेला ओठांशी नेताना अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

डावीकडून एक शिकाऊ विमान आलं होतं. खरं. यंत्राने बजावलं होतं. पण रोजचंच म्हणून याने मान वळवली नाही. "त्याच्या चाकांवरचा चिखल दिसला मला," तो म्हणाला. "एवढ्या जवळून."

तिने त्याच्या हातातला पेला पुन्हा भरला.

"आणि त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही बघ. एवढंच, की तुला सांगायचं राहून गेलं… मी त्या ठिपक्यासाठी येत नव्हतो इथे."

चाळीस दिवस ज्या वाक्याची वाट पाहिली, ते आलं, आणि तिला ते तसंच घेता येईना. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं असतं? आज सापडला बिघाड, एवढं म्हटलं की संपलं. मामालाही पटलं असतं. तिने खिशात हात घातला. लाल पट्टी घडी पडून चुरगळली होती. ती त्याच्यापुढे धरून ती म्हणाली, "बिघाड मला ठाऊक होता."

"कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेपासून."

तो पट्टीकडे बघत राहिला. तिच्याकडे नाही.

"तेव्हाच दुरुस्त केलं असतंस, तरी आलो असतो मी," तो म्हणाला. "काही बिघडलेलं नसतानाही आलो असतो."

"आणि आता?"

पेला त्याने बाकावर अलगद ठेवला. "आता तू म्हणशील सगळं ठीक आहे, आणि मी दोनदा खिडकीतून बघीन. असं नाही राहता येत ग… वरही नाही, घरातही नाही."

पट्टी बाकावर ठेवून तिने क्रमांक बदलला. चारच मिनिटं लागली. तो पंखाशी पाठ करून उभा होता. पुन्हा तपासायला तिने दुसऱ्या हँगरमधल्या म्हाताऱ्या कारागिराला बोलवायला सांगितलं. वैमानिकाने मान हलवली, आणि बोलावलं.

तासाभराने विमान उडालं. तिच्या टेबलावरच्या रिसीव्हरवर त्याचा ठिपका उमटला. एकटा, नीट, आपल्या क्रमांकासह. तो सरकत सरकत स्क्रीनच्या काठाशी गेला, काठावर घटकाभर रेंगाळला… आणि नाहीसा झाला.

मग तिने नोंदवही ओढली. बिघाड सापडल्याची तारीख, बिघाड काढल्याची तारीख. मामाच्या वहीत या दोन तारखा कधी वेगळ्या नसायच्या. तिने दोन्ही खऱ्या लिहिल्या.

संध्याकाळी मामाने वही वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. रागावेल, ओरडेल म्हणून ती वाट बघत उभी होती. मामाने बाकावरची चुरगळलेली पट्टी उचलली, बोटांनी सरळ केली, आणि तिच्या हत्यारांच्या पेटीच्या कडीला बांधली.

तिने ती सोडली नाही.