थांब्यावरच्या काचा

"भूत! बसथांब्यावर भूत आहे!" डबा धापा टाकत ओरडला.

सुट्टीला मामाकडे आलेली, डबा, चिमणी आणि वकील अशी टोपणनावं असलेली तिन्ही भावंडं वेळापत्रकाच्या चौकटीपुढे जमली. काचेच्या कोपऱ्यात खरंच काळ्या तोंडाचा, पांढऱ्या केसांचा माणूस होता! थोरलीने, म्हणजे वकीलने, मोबाइलवर फोटो काढून रंग उलटे केले. बसच्या दारात एक ड्रायव्हर हसत उभा होता!

मामा बस आगाराच्या भांडाराचा प्रमुख. त्याला विचारलं तर तो सहज म्हणाला, "जुन्या फोटोंच्या निगेटिव्हच्या काचा त्या! पेट्याच्या पेट्या धूळ खात पडल्या होत्या. नव्या काचांना मंजुरी मिळेना, म्हणून सोड्याच्या पाण्यात धुऊन थांब्यांना लावतोय. ही नीट धुतली नाही वाटतं."

"मामा, ती माणसं होती रे!" चिमणी कळवळली.

"उद्या शेवटची पेटी धुतली की संपलं. लुडबुड करायची नाही!"

दुसऱ्या दिवशी मुलं आगारात पोचली. भिंतीशी धुतलेल्या काचा वाळत होत्या, लख्ख आणि रिकाम्या. टबातलं पाणी काळं झालं होतं. ते बघून मुलांना भडभडून आलं.

डब्याने सोड्याच्या पिंपावर बैठक मारली. "आई गं, पोटात दुखतंय! उठवतच नाही!"

मामा आणि काचा धुणारे काका त्याची मनधरणी करू लागले. तेवढ्यात चिमणी उरलेल्या काचा खिडकीशी धरत गेली आणि वकील भराभर फोटो काढून रंग उलटे करत गेली.

"मामा! हा तर तू!" वकील ओरडली.

तेच मोठे कान, तेच नाक. मामाने मोबाइल हातात घेतला आणि फोटो मोठा करून पाहिला. "मी नाही गं. बाबा आहेत. याच आगारात होते." ते गेले तेव्हा मामा तान्हा होता. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. मामा सगळ्यांदेखत रडला.

शेवटची पेटी वाचली. त्यातल्या फोटोंचं प्रदर्शन आगारात सगळ्यांसाठी खुलं झालं. "शाब्बास! आम्हा मोठ्यांना जे सुचलं नाही, ते तुम्ही केलंत!" आगारप्रमुख म्हणाले. टाळ्या पडल्या.

गर्दी ओसरल्यावर एक म्हातारी बाई मामापाशी आली. "आमचे हे कंडक्टर होते. त्यांचा फोटो दिसला नाही कुठे?"

"नसेल, मावशी," मामा म्हणाला. "बाकीच्या पेट्या मी धुऊन टाकल्या."

ती मागे वळली. पुन्हा पहिल्या फोटोपासून एकेक चेहरा बघायला लागली. मामाही तिच्यासोबत प्रत्येक फोटोपाशी थांबत गेला.