निळ्या फितीचं झाड

बुंध्याभोवतीचा पालापाचोळा ओढून झाला, की खोडाच्या पोकळीत शिरून बघायचं, आत कुणी नाही याची खात्री करायची आणि मगच निळी फीत बांधायची. फीत दिसली की जाळ लावायला मोकळे. सिक्वोया या अजस्र वृक्षांच्या त्या राखीव वनात ऑक्टोबरात मुद्दाम आग लावत. तिच्या धगीशिवाय ह्या झाडांची बोंडं नीट उघडत नाहीत. लोरेना रोपं मोजायच्या कामावर होती, तिचा नवरा ड्वेन जाळ लावणाऱ्यांचा मुकादम. पाळणाघर बंद, म्हणून तीन वर्षांची ओपल आज बरोबर.

"दहा मिनिटं सांभाळ," असं ड्वेनला बजावून लोरेना रोपांच्या खुणेच्या काठ्या उपटायला गेली. परतली तर ड्वेन एकटाच.

"ओपल कुठाय?"

"बककडे असेल."

"माझ्याकडे?" म्हातारा बक पेटती मशाल सावरत म्हणाला. "मी काय दाई आहे, मुकादम?"

वीस पावलांवरच्या झाडाला निळी फीत होती. पोकळीच्या तोंडाशी ओपलची टोपी पडली होती.

"आत बघितलंस तू?"

"वारा पडलाय, लोरेना. असा दिवस पुन्हा—"

"बघितलंस का, ते विचारतेय!"

ड्वेनची मान खाली गेली.

"न बघताच बांधलीस! पोटच्या पोरीच्या वेळीसुद्धा! बक, विझव ती मशाल!"

ती धावली. पोकळीत कोळशाचा काळोख होता, आणि तळघरासारखा गारवा. तिनं हाक मारली. हाक परत आली नाही. हात पुढे करून ती मागची भिंत शोधत गेली. पाच पावलं. दहा. बाहेरून तर खोड एवढं जाड नव्हतं.

"ओपल!"

खूप लांबून पावलं वाजली.

धावत येत होती. येतच होती.

मग बोटांत बोटं अडकली. लोरेनानं तिला ओढून उजेडात आणलं.

"मिळाली ना?" ड्वेन हसायला बघत होता. "उगाच घसा फोडतेस. दहाच मिनिटं तर झाली."

"एक शब्द बोलू नकोस माझ्याशी."

ओपल रडत नव्हती. आईकडे रोखून बघत होती.

"किती हाका मारल्या मी," ती म्हणाली.

बोलताना तिचं तोंड उघडलं. खालच्या इवल्या दुधाच्या दातांच्या मधोमध दोन रुंद, करवती कडांचे, सहा-सात वर्षांच्या मुलांना येतात तसे कायमचे दात आले होते.