सलग तीन वर्षं

"कुणीतरी माझ्या मुळावर उठलंय," मुलगी म्हणाली आणि खुर्चीवर बसायचंही विसरली.

वहिनींनी तिला हाताला धरून बसवलं. कोर्टात स्टेनो म्हणून आयुष्य काढल्यावर, लोकांच्या बोलण्यातले शब्द वेचायची सवय वाया जाऊ नये म्हणून, त्यांनी खासगी तपासाचा उद्योग मांडला होता. त्यांना वहिनी अख्खी गल्लीच म्हणायची. खरे दीर एकटे भावोजी. बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ प्रत्येक प्रकरणात पहिल्या झटक्यात गुन्हेगार पकडत आणि तो हमखास निर्दोष निघे.

मुलीचा जन्म इथला, पासपोर्टही इथला. पण वाढली आईवडिलांकडे, परदेशात. तीन वर्षांपूर्वी ती मामाकडे राहायला आली. आता विद्यापीठात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता, तोही देशातल्या विद्यार्थ्यांच्या फीमध्ये. आणि परवा फी कार्यालयात एक निनावी फोन गेला होता.

"उद्या सकाळी निर्णय आहे. परदेशी विद्यार्थिनी ठरले तर फी चौपट. बाबांचं दुकान विकलं तरी भागायचं नाही. माझी जागा जाईल."

"पण पासपोर्ट इथला आहे ना?" भावोजी म्हणाले. "मग परदेशी कशी?"

"पासपोर्टनं नागरिकत्व ठरतं, भावोजी. फी ठरते माणूस राहतं कुठे त्यावर. सलग तीन वर्षं इथं राहिलेलं लागतं." वहिनी मुलीकडे वळल्या. "मधे कुठे गेली होतीस?"

मुलगी नखं कुरतडू लागली. "गेले होते. बाबांच्या दुकानात मदतीला. ते अर्जात लिहायचं राहिलं."

"राहिलं की मुद्दाम गाळलंस?"

त्याच दुपारी वहिनींनी विद्यापीठ गाठलं.

फी अधिकारी रुक्ष होते, पण वाईट नव्हते. "फोन स्विचबोर्डवरून येतो, नंबर दिसत नाही," ते म्हणाले. "बाईचा आवाज होता. नाव विचारताच ठेवून दिला. वाक्य मला पाठ आहे, कारण त्यावरच निर्णय द्यायचाय. 'ती सलग तीन वर्षं तिथं नव्हती. मधे आठ महिने घरी आली होती.'"

"मधली गैरहजेरी अजिबात चालत नाही?"

"तात्पुरती चालते. आजारपण, कुणाची शुश्रूषा. पण तिकडे कामधंद्याला लागली असेल तर तिनं बिऱ्हाड हलवलं असं धरावं लागतं."

मामाचं घर दोन खोल्यांचं होतं. मामी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"अडचण होते, खोटं कशाला बोलू? म्हणून काय पोरीच्या पोटावर पाय देईन? ती तिकडे गेली होती तेव्हा घर खायला उठलं होतं मला." त्यांनी घडी आपटली. "परत आली ती मात्र वेगळीच. आधी दिवसभर चित्रं काढायची. आता माझी गोळी जेवणाआधी की नंतर ते मला शिकवते. चादर अशी ताणून खोचते की पलंगावर बसायची भीती वाटते. दुकानात हे कुठून शिकली कोण जाणे!"

मामेबहीण गॅलरीत पाठ करून उभी होती. फिजिओथेरपीच्याच प्रतीक्षायादीत तिचा पहिला नंबर होता.

"हो, तिची जागा गेली तर मला मिळेल," ती म्हणाली. डोळे सुजलेले होते. "म्हणून सगळे माझ्याकडे बघतायत. बघा खुशाल. ती तिकडे गेली होती तेव्हा मी तिच्या कपाटालाही हात लावला नव्हता."

जिना उतरताना भावोजी पुटपुटले, "मामेबहीणच. आणखी काय पुरावा हवा?"

"तुम्हाला ती वाटली ना? मग ती सुटली," वहिनी म्हणाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. मामा रुमालानं सारखा मानेवरचा घाम पुसत होता. मामेबहिणीशेजारची खुर्ची रिकामी होती. तिथं कुणी बसलं नव्हतं.

"फोनवरचे शब्द ऐका," वहिनी म्हणाल्या. "'तिथं नव्हती. घरी आली होती.' या गावातलं माणूस काय म्हणेल? 'इथं नव्हती, तिकडे गेली होती.' मामी तसंच म्हणाल्या. त्यांची मुलगीही तसंच म्हणाली. 'आली' कोण म्हणेल, भावोजी?"

भावोजींनी डोकं खाजवलं. "जिच्या दारात ती आली, ती."

"आई?" मुलीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आता दुकान. दुकानात राबून कुणी औषधाच्या वेळा शिकत नाही. सुरकुती न ठेवता चादर ताणायला शिकतं ते अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी. आणि चित्रं सोडून फिजिओथेरपी उगाच कुणी धरत नाही. तू दुकानात नव्हतीस, पोरी. आईच्या उशाशी होतीस."

मुलीला रडू फुटलं. "पाठीच्या ऑपरेशननंतर तिला उठताच येत नव्हतं. मामाला कळलं तर तो सगळं सोडून धावत येईल, म्हणून तिनं मला शपथ घातली होती."

मामा उठला आणि परत खाली बसला. त्याच्या हातातला रुमाल मामींनी काढून घेतला.

अधिकाऱ्यांनी आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"मीच केला होता," पलीकडून आवाज आला. "पुढे उघडकीला आलं तर अर्ध्यावर काढून टाकतील, या धास्तीनं झोप लागेना. म्हटलं, चालतं का ते विचारावं. तुम्ही नाव विचारलंत आणि माझा धीरच सुटला."

"हॉस्पिटलचे कागद मागाहून पाठवा. अर्ज दुरुस्त करून घेऊ," अधिकारी म्हणाले. मग ते जरा घुटमळले. "पण एक गोष्ट मला तुमच्याच तोंडून हवी. मुलगी तेव्हा स्वतःच्या घरी राहायला आली होती का?"

वहिनींनी मान खाली घातली.

"नाही, साहेब," आई म्हणाली. "माझ्याकडे ती पाहुणी म्हणून आली होती. तिचं घर तिकडे आहे. भावाकडे."

अधिकाऱ्यांनी शिक्का उचलला आणि देशातल्या फीच्या रकान्यात उमटवला.

"झालं ना तिचं काम?" आईनं विचारलं.

"झालं, बाई."

"मग रडतंय कोण तिथं?"

मुलीनं फोन जवळ ओढला.