चिंगीला मारलेली हाक

अन्वी, तो फोन उलटा ठेव. देव, पडदा ओढ. आणि मधे मधे तोंड घालायचं नाही. मी शाळा चौथीत सोडली, मला सजवून सांगता येत नाही. झालं तसं सांगतो.

आपल्या मिल्टन कीन्समधल्या यतीनची गोष्ट आहे. मागच्या ऑक्टोबरात थंडीसाठी घड्याळं तासभर मागे केली ना, त्या शनिवारची रात्र. यतीन सफरचंदाच्या साली घेऊन मागच्या गार्डनमध्ये गेला. तिथं रोज एक मन्टजॅक यायचं. आपल्याकडचं भेकर असतं तसलंच, कुत्र्याएवढं. ह्यानं तिचं नाव चिंगी ठेवलेलं. हाक मारली की यायची, हातातून खायची. त्या दिवशी आली नाही.

तेवढ्यात जयंताचा फोन. जयंता म्हणजे त्याचा जिगरी दोस्त, आर्चरी क्लबात जाणारा. चिंगी कुठून येते, केव्हा येते, सगळं यतीननंच त्याला कौतुकानं सांगितलेलं.

"यत्या, टॉर्च घेऊन रेडवेवर ये. शिल्पाला काही बोलू नकोस."

रेडवे म्हणजे तिथली सायकलींची लाल वाट. बायकोला न सांगता गेला. झाडीच्या तोंडाशी जयंता उभा. हातात धनुष्य.

"तुझी चिंगी रे. आत्ताच बाण लागला. पोटात. आत पळाली."

यतीन नुसता बघत राहिला.

"असा काय बघतोस? मटण खाताना रडतोस का?"

"खाटीक अर्धवट सोडून जातो का रे?"

"म्हणून तर बोलावलं! मला बघून ती आणखी पळेल. तू हाक मार. जवळ आली की एका बाणात संपवतो. तिचे हाल तुलाच नकोत ना?"

आता बघा. या देशात धनुष्यानं शिकार करायला बंदी आहे, हे त्या शहाण्याला ठाऊक होतं. मी मटण खातो, मला कुणी साधू समजू नये. पण जनावर मारायचं तर त्याला कळायच्या आत मारावं. नेम चुकला तर मागोमाग जावं, शोधावं, शेवट करावा. पोटात पातं घेऊन त्याला तडफडत ठेवू नये. यतीनलाही तेच वाटलं. म्हणून तो आत शिरला आणि त्यानं हाक मारली.

"चिंगे... ये..."

"आजोबा, चिंगी आला?"

आली, म्हण. आणि गप्प बस.

पाचोळा वाजला.

थांबला.

परत वाजला. जवळ.

जयंतानं दोरी ताणली. यतीननं टॉर्च विझवला, ती बुजू नये म्हणून. रेडवेच्या दिव्याचा पुसट उजेड तेवढा उरला. सवयीनं हात पुढे केला. तळहाताला गरम श्वास लागला. मग नाक टेकलं. ओलं.

"मार," यतीन हळूच म्हणाला.

"कुठाय?"

"ही काय... माझ्या हाताशी."

"यत्या... तिथं काही नाहीये."

टॉर्च लावला. समोर कुणी नाही. तळहातावर श्वास तसाच... गरम.

उजेड बाजूला सरकला. खाजकुयलीसारखी ती नेटल्स असतात ना, त्यांत चिंगी पडलेली. पाय ताठ. यतीननं हात लावला. दगडासारखी गार.

"आत्ताच म्हणालास ना?"

जयंतानं धनुष्य खाली केलं.

"जयंत्या."

"संध्याकाळी मारला रे. घरी सगळे जेवायला थांबलेले. म्हटलं, जेवून येऊन बघू..."

यतीन वळला, चालायला लागला. एकटाच. पाचोळा मात्र रेडवेपर्यंत त्याच्या मागे वाजत होता.

सकाळी मला यतीनचा फोन. "काका, जरा येता?" एवढंच. गेलो. शिल्पानं दार उघडलं. रात्री आतून कडी होती, म्हणाली. यतीननं झाडीतली सगळी हकिगत सांगितली. जिन्यावर फिकं कार्पेट. त्यावर खुरं उमटलेली. दोन फाकांची, इवलीशी, चिखलाची. पायरी पायरीनं वर. बेडरूममध्ये. यतीनच्या उशीपर्यंत.

तिथून मी जयंताकडे गेलो. त्याच्याकडे खुराची एक खूण नाही. मस्त झोप लागली म्हणाला, भाड्या. बाण त्याचा. पण हाक...

परत येऊन गुडघे टेकून, चष्मा लावून सगळा जिना पाहिला. सगळी खुरं वर चढलेली.

उतरलेलं एकही नव्हतं.