निळ्या छत्रीच्या सतरा बायका

आमच्या गल्लीत शिरताना गाडीवरून खाली उतरायचं असतं. सायकल असो की फटफटी, तोंडाशी उतरायचं, इंजिन बंद करायचं आणि ती हाताने ढकलत न्यायची. जावातल्या आमच्या सुराबाया शहराच्या जुन्या वस्त्यांमधल्या पोरांना हे बोलायला लागण्याआधी कळतं.

हर्योकोला ते माहीत नव्हतं. तो धडधडत आत आला, तेव्हा मी सोललेल्या पपईची टोपली कमरेवर घेऊन गल्लीच्या मधोमध उभी होते. मी हलले नाही.

"जरा बाजूला व्हाल का?" तो म्हणाला.

"जरा खाली उतराल का?"

तो उतरला. इंजिन बंद केलं. मला वाटलं तेवढं पुरे, पण बाकांवरच्या म्हाताऱ्या बघत होत्या, म्हणून मला जोर चढला.

"इथून नाही. परत तोंडापर्यंत जा आणि तिथून चालत या."

"पण मी तर आत आलोय..."

"तुमच्या मते आलात. आमच्या मते अजून आला नाहीत."

त्याने ती अवजड गाडी अरुंद गल्लीत कशीबशी वळवली, मागे नेली आणि ढकलत पुन्हा आला. तो सोलो शहरचा. तिथली माणसं फार मवाळ. प्रत्येक बाकापुढून तो कमरेत वाकून, "पुढून जातोय हं," म्हणत आला. माझ्यापाशी पोहोचला तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते.

त्या वेळी मी वीस वर्षांची होते. पन्नास वर्षं झाली, पण ते कान मला आजही दिसतात.

तो कशाला आलाय ते संध्याकाळी गल्लीचे प्रमुख पाक सुरादी यांनी सांगितलं. गल्ली रुंद करून मोटारी जाऊ द्यायच्या, की आहे तेवढीच ठेवून चालणाऱ्यांसाठी नीट फरशी घालायची, हे नगरपालिकेला ठरवायचं होतं. हा दोन आठवडे बसून माणसं मोजणार. चालणारी, थांबणारी माणसं पुरेशी निघाली तर गल्ली वाचली. नाहीतर दोन्ही बाजूंचे ओटे जाणार.

आमच्या ओट्यावर जामाचं झाड होतं, झाडाखाली बाक होता, आणि बाकाशेजारी तो जाडजूड दगड, ज्यावर आई शेंगदाणे आणि मिरच्या वाटून रुजाक, म्हणजे फळांची तिखट कोशिंबीर, करून विकायची. वडील गेल्यापासून आम्ही दोघी त्या दगडावर जगत होतो.

दुसऱ्या दिवशी तो समोरच्या बाकावर वही उघडून बसला. वहीत रकाने होते – नुसतं जाणारे, कामाला जाणारे, ओझं नेणारे, थांबून बोलणारे. आमच्याकडे अदबीने तरुणाला मास म्हणतात, तरुणीला निंग. मला राहवेना.

"मास हर्योको, बाई थांबली असं कधी म्हणायचं?"

"उभ्याने दोन वाक्यं बोलली की."

"आणि एकच वाक्य फार लांब असलं तर?"

त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "तशी बाई अजून बघितली नव्हती, निंग रुमिनी. आता मात्र..."

"आता काय?"

"आता दोन वाक्यं झाली. तुम्ही थांबलात." आणि त्याने रेघ मारली.

ती रेघ बघूनच मला कल्पना सुचली. मी मैत्रिणीला, तुमिनाहला गाठलं. दोघींनी आळीपाळीने गल्लीतून जायचं, मागच्या कालव्याकडून वळसा घालायचा, पुन्हा तोंडाशी यायचं. दर खेपेला लुंगी बदलायची, ओढणी बदलायची, ऊन म्हणून छत्रीत तोंड लपवायचं. चार दिवस चालून आमच्या पायांचे तुकडे पडले.

चौथ्या दिवशी दुपारी त्याने मला हाक मारली.

"गल्लीत घरं चाळीस," तो वहीत बघत म्हणाला. "निळ्या छत्रीच्या बायका आज सतरा."

"छत्र्या... स्वस्त झाल्यात."

"त्यातल्या नऊ जणींच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला."

मी पाय मागे घेतला. त्याने हसत हसतच चारही दिवसांच्या पानांवर आडवी रेघ मारली.

"आमची तक्रार करणार?"

"नाही. उद्यापासून नव्याने मोजणार. रुमिनी, वहीत एक जरी खोटी बाई सापडली ना, तर वरचे लोक खऱ्या बायकाही खोट्या ठरवतील. मग या झाडासाठी भांडायला माझ्याकडे काय उरेल?" त्याने वही मिटली. "तुम्ही एरवी चालता तशा चाला. बस."

एरवी मी कशी चालते, तेच मला आठवेना. दुकानातून साबण आणायला निघाले की उंबऱ्यावर मनात यायचं – साबण खरंच हवाय, की...? मी मागे फिरायचे. असे पाच दिवस गेले.

"साबण संपलाय की तू संपलीस?" आई म्हणाली. "सोलोचा माणूस आहे तो. मनातलं बोलायला त्याला वर्ष लागेल. तोवर काय तू घरातच बसणार?"

मोजणीच्या शेवटच्या दिवशी दुपार कलली. चारच्या सुमाराला आमच्याकडे सगळे आंघोळ करून, तोंडाला पावडर लावून बाहेर येऊन बसतात. मीही आले. छत्री नव्हती. चप्पल शिवून घेतली होती. सरळ त्याच्या बाकापुढे उभी राहिले.

"साबण?" त्याने विचारलं.

"नाही."

"आईचं काही काम?"

"नाही."

"मग... नुसतं जाताय?"

"नाही. थांबलेय."

"कुणाशी बोलायला?"

"खोटं चालत नाही म्हणालात ना वहीत? मग लिहा. तुम्हाला बघायला आलेय."

शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आमच्याकडे सरकून बसल्या. त्याचे कान पुन्हा लाल झाले. त्याने एकेका रकान्यावरून बोट फिरवलं.

"याला रकाना नाही," तो हळूच म्हणाला.

"मग आखा."

"आखतो. पण त्यात आधी मला स्वतःला लिहावं लागेल... पहिल्या दिवसापासून."

खरी मोजणी आमच्या खोट्या मोजणीपेक्षा थोडी कमीच निघाली, पण पुरली. तीन महिन्यांनी गल्लीत फरशी आली, गटारांवर झाकणं आली. जामाचं झाड जागच्या जागी राहिलं.

मग एका रविवारी सोलोहून त्याचे आईवडील आले, भाड्याच्या मोटारीतून. मोटार तोंडाशीच थांबली. नक्षीदार बातिकची लुंगी घट्ट नेसलेल्या, उंच अंबाडा घातलेल्या त्याच्या आईला तिथून आमच्या दारापर्यंत जेमतेम दोनशे पावलं चालायची होती. त्यांना सव्वा तास लागला. प्रत्येक बाकावर कुणी ना कुणी विचारत होतं, "कुठून आलात? कुणाकडे?" कुणी चहा दिला, कुणी तळलेली केळी. तुमिनाहने तर छत्रीची गोष्ट हातवारे करून सांगितली.

मी पडद्याआड, केसांत मोगरा माळून उभी. ट्रेमधला चहा दोनदा निवला.

शेवटी त्या आल्या, बाकावर टेकल्या, चपला काढून पाय चोळले आणि माझ्या आईला म्हणाल्या, "मागणी घालायला निघालो होतो, बाई. वाटेत चौदा बाकांवर होकार मिळाला. आता मुलीचा तेवढा राहिलाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हर्योको सगळ्यांच्या मागे होता. घामाने भिजलेला. दोन्ही हातांनी फटफटी धरून उभा. तोंडापासून ढकलत आणली होती.

"आता आलात," मी म्हणाले.